दानूकडची खोली

एस्तेरमावशी अमेरिकेत, टेक्ससमधल्या आमच्या प्लेनोच्या नव्या घरी पहिल्यांदा आल्या, तेव्हा बाकीच्या पाहुण्यांसारखं घर किती स्क्वेअर फुटांचं, व्याजदर काय लागला, असलं त्यांनी काही विचारलं नाही. चपला काढता काढताच म्हणाल्या, "इथं आधी काय होतं गं?"

"काही नाही मावशी, नवीन कन्स्ट्रक्शन आहे."

"घर नवीन. जमीन कुठं नवीन असते?"

मी हसण्यावारी नेलं. पण बाई सोडतेय कसली! शेजारचे म्हातारे आजोबा कुत्र्याला घेऊन चालले होते, त्यांना गाठून मोडक्यातोडक्या इंग्रजीत चौकशी करून आल्या. "कापसाचं शेत होतं. त्याच्या मामाचं. राजीखुशीनं विकलं म्हणतो," असं जाहीर केलं आणि मगच प्रसादाचा शिरा तोंडात घातला.

मावशी मूळच्या रेवदंड्याच्या, बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेल्या मराठी ज्यूंपैकी. संसार ठाण्यात झाला. मुलगा दानू विशीतच इस्राएलला गेला. नवरा वारल्यावर मावशी मुलीकडे प्लेनोला आल्या आणि मराठी मंडळात सगळ्यांच्या मावशी झाल्या. काही चांगलं घडलं की त्यांच्याकडे मलिदा व्हायचा: गोड भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, वेलची, सोबत फळं. प्रार्थना झाली रे झाली की आम्ही हात पुढे करायचो, आणि मावशी हातावर चापट मारायच्या. "थांब! आधी शेजाऱ्यांच्या ताटल्या. त्यांच्याकडे पोचल्याशिवाय घरच्यांनी खायचा नाही. माझ्या आईची शिस्त आहे." मग मेक्सिकन, चिनी, गोरे, सगळ्यांच्या दारात मलिदा जायचा.

२००७ सालच्या हिवाळ्यात दानूनं फोटो पाठवले. वेस्ट बँकमध्ये टेकडीवरच्या एका ज्यू वस्तीत त्याचं घर होतं, खाली पॅलेस्टिनी गाव. आईनं कायमचं राहायला यावं म्हणून तो एक खोली वाढवत होता. त्याच सुमारास टीव्हीवर शांततेच्या चर्चेचा काथ्याकूट चालला होता. पॅलेस्टिनी म्हणत, वस्त्यांमधलं बांधकाम आधी थांबवा. इस्राएलवाले म्हणत, कुटुंबं वाढतात, खोल्या नकोत का वाढवायला? त्या भांडणातली एक खोली आमच्या मावशींची आहे हे कळल्यावर मी बातम्या कान टवकारून ऐकायला लागले.

मावशी मात्र फोटोत खोलीच्या मागे बघत होत्या. "हा बघ गडगा. दगडावर दगड रचलेलं कुंपण, आमच्या वाडीला होतं तस्सं. आणि वर ऑलिव्हची झाडं." त्यांनी तिथल्या तिथं फोन लावला, स्पीकरवर. "दानू, तिथं आधी काय होतं रे?"

"काही नाही गं आई. नुसता माळ."

"माळावर गडगा कोण घालतो?"

"जुना आहे तो. आता कुणी येत नाही तिकडे."

"येत नाही, की येऊ देत नाहीत?"

मग तो एवढंच म्हणाला, "आई, शहरात घर परवडत नव्हतं. माझी पोरं इथं जन्मली. तू ये ना."

मावशी दानूकडे गेल्या. आता परत येणार नाहीत असं धरून मी एअरपोर्टवर पोटभर रडून घेतलं. पण महिन्याभरात बाई प्लेनोत हजर!

"खोली आवडली नाही?"

"फार सुंदर गं. मला खाली बसून आंघोळ जमावी म्हणून त्यानं मोरीसुद्धा केलीय." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नव्या खोलीचा मलिदा केला. वस्तीतल्या घरांत ताटल्या गेल्या. एक ताट झाकून मावशी खालच्या गावाकडे निघाल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं अडवलं. दानू धावत आला. "आई, वेड लागलं का तुला? मागच्या वर्षी खालून माझ्या मित्राच्या गाडीवर गोळ्या झाडल्या!"

"त्याचंही खोटं नाही," मावशी म्हणाल्या. "भितो बिचारा. पण ते ताट तसंच परत आलं गं. लेकाच्या घरात मला घास उतरेना. खिडकी उघडली की समोर तो गडगा. कुणी रचला असेल, त्याची बायको काय करत असेल, हेच डोक्यात. दानू रडला. मीही रडले. पण तिथं मला राहवेना."

पुढच्या वर्षी मावशी झोपेतच गेल्या. त्यांच्या मुलीनं आणि मी मिळून मलिदा केला आणि आधी रस्ताभर ताटल्या पोचवल्या. दुपारी दानूचा फोन आला. मावशींच्या वळणाचंच मराठी. मी विचारलं, "खोलीचं काय केलंस रे?"

"आहे तशीच आहे, ताई. पोरं मागतात, पण मी देत नाही." मग आपणहून म्हणाला, "आणि तो गडगा कुणाचा, ते मी इथं विचारतोय. वस्तीत दारोदार फिरलो. कुणालाच सांगता येत नाही."