म्हातारबाचं खरं नाव

तळेघरच्या लंकाबाईंच्या नातवाला स्वतःचं नाव ठाऊक नव्हतं. चार वर्षांचं पोरगं, करवंदं तोडायचं, कुठली कोंबडी कुठं अंडं घालते ते नेमकं सांगायचं; पण नाव विचारलं की म्हणायचं, "म्हातारबा."

यात पोराचा काही दोष नव्हता. लंकाबाईंचे मालक वारले आणि पुढच्याच वर्षी हा झाला, म्हणून त्यांच्या लेकानं, संपतनं, बापाचंच नाव पोराला ठेवलं, अमृत. आता नवऱ्याचं नाव लंकाबाई कशा घेणार? आणि सून वैजयंती सासऱ्याचं कसं घेणार? संपतला अडचण नव्हती, पण तो भोसरीला कंपनीत. महिन्यातून एकदा यायचा, आणि बापाचं नाव घेऊन पोराला दटावायचं त्याच्याही जिवावर यायचं. मग सगळं घर म्हातारबावरच भागवायचं.

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात बालवाडीच्या स्नेहलबाई नावं लिहायला दारात आल्या. पोरानं आपलं नाव सांगितलं आणि जमलेल्या बाया हसल्या. पोरगं जे आजीच्या पदरात शिरलं ते बाहेर येईना. बालवाडीत जायचंच नाय म्हणालं. स्नेहलबाई समजूतदार. म्हणाल्या, अजून महिना आहे, घरी तयारी करून घ्या. एका जागी बसू दे, हातानं जेवू दे, शी-शू सांगू दे आणि नाव तेवढं नीट सांगता आलं पाहिजे.

लंकाबाईंना घोर लागला. संपतही लहानपणी असाच पहिल्या दिवशी हसं झालं म्हणून बिथरला होता. रडतखडत चौथी झाली आणि पाटी माळ्यावर गेली. नातवाचं तसं होऊ द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर गोणपाट टाकून शाळा सुरू झाली. पोराला बसवायचं, समोर आपण बसायचं. पोरगं बसायचं बऱ्यापैकी, आजीच गुडघे धरले म्हणून आधी उठायची. भात हातानं खायला शिकलं, निम्मा कोंबड्यांना जायचा ते सोडा. शी-शूचंही जमलं. राहिलं नाव.

वैजयंती म्हणाली, "आत्याबाई, तुमीच घ्या की एकदा. कोण ऐकतंय?"

"मी ऐकते न्हवं," लंकाबाई म्हणाल्या.

दोन दिवस विचार करून त्यांना वाट सापडली. उखाण्यात नाव घेतलेलं चालतं. चाळीस वर्षांपूर्वी लग्नात घेतलेला उखाणा त्यांना अजून पाठ होता. मग रोज अंघोळ घालताना, पाठ घासता घासता, त्या तो पोराला म्हणून दाखवू लागल्या. पोरगं हुशार, चार दिवसांत घडाघडा म्हणायला लागलं. लंकाबाई निर्धास्त झाल्या.

जूनमध्ये बालवाडी भरली. पोरं सतरंजीवर, आया-आज्या दारात. म्हातारबा शहाण्यासारखा मांडी घालून बसला. बाईंनी नाव विचारलं तसा उठला, हात जोडले आणि खणखणीत म्हणाला,

"भीमाशंकरच्या वाटेला करवंदाची जाळी,
अमृतरावांचं नाव घेते, कुंकू माझ्या भाळी."

दारातल्या बाया हसून हसून वाकल्या. स्नेहलबाईंनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होतेच. पोराला कळेना काय चुकलं. त्याचा खालचा ओठ लोंबायला लागला, एक पाय सतरंजीबाहेर पडला. संपतचंही असंच सुरू झालं होतं, आधी ओठ आणि मग पाय.

लंकाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"बाळा, अमृत," त्या म्हणाल्या. "नुसतं अमृत सांग."

पोरानं आजीकडं पाहिलं, मग बाईंकडं.

"अमृत," तो म्हणाला, आणि पाय आत घेऊन खाली बसला. बाईंनी वहीत खूण केली आणि पुढच्या पोराला विचारलं.

शेताकडं जाताना शेजारच्या गोजरबाईनं चिमटा काढलाच, "लंके, घेतलंस की गं नाव. तेबी उखाण्याबिगर."

"पोराला हाक मारली मी," लंकाबाई म्हणाल्या आणि वाटभर पुढं चालत राहिल्या, म्हणजे तोंड दिसायला नको.

दुपारी बालवाडी सुटली तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. पोरांच्या गलक्यात त्यांनी पुन्हा हाक मारली. या खेपेला जरा मोठ्यानं.