ओ देणारी पेटी

कुणी काहीही सांगितलं की "बघतो" म्हणायचं, ही सवय त्यांना इतकी जडली होती की चष्म्याच्या भिंगांच्या त्या कारखान्यात त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. लहानथोर सगळे म्हणत, बघतोबुवा.

पाकिटांत भिंगं भरायच्या टेबलावर वाकून वाकून त्यांची कंबर कामातून गेली, तेव्हा मालकांनी त्यांना जिन्याखालच्या खोलीत मेल सर्व्हरपाशी बसवलं. पाठ टेकायला गादीची खुर्ची मिळाली. बायकोनं ती बातमी सगळ्या नातेवाइकांत पोचवली, "आमचे हे आता कॉम्प्युटरवर असतात."

सर्व्हर म्हणजे टेबलाखाली घरघरणारा जुना कॉम्प्युटर. कारखान्याची सगळी पत्रं त्याच्यातून जायची-यायची. पण इंटरनेटची लाइन भारी लहरी. आता आहे म्हणेस्तोवर गेलेली असायची. तो बसवून देणारा तंत्रज्ञ सांगून गेला होता, "याला एखाद्या यंत्राचा पत्ता देऊन ठेवा. हा त्या पत्त्याला हाक मारत राहील. ओ आली, तर लाइन आहे, पत्रं सोडेल. नाही आली, तर रांगेत थांबवेल."

बघतोबुवांनी भिंतीवरच्या लुकलुकणाऱ्या राउटरच्या पेटीचाच पत्ता दिला. डोळ्यांसमोरची पेटी, हाक मारली की लगेच ओ. काम फत्ते!

आणि पत्रं परत यायला लागली. बाहेर लाइन गेलेली, तरी सर्व्हर आपला पत्रं बाहेर काढी, चार धडका मारी आणि "पोचत नाही" म्हणून तोंडावर फेकी. पडद्यावर मात्र हिरव्या अक्षरांत, लाइन चालू.

मालक दारात उभे राहिले. "बघतोबुवा, हा म्हणतो लाइन आहे. गिऱ्हाईक म्हणतं पत्र आलंच नाही. खोटं कोण बोलतंय?"

"बघतो."

"बघू नका, करा काहीतरी! या आठवड्यात त्या मोठ्या दवाखान्याला भिंगांचे भाव पाठवायचेत. तेही परत आले, तर हा डबा भंगारात आणि तुम्ही पुन्हा पाकिटांच्या टेबलावर."

बघतोबुवांचा हात आपसूक कमरेवर गेला.

घरी आले तेव्हा डोक्याचा भुगा झालेला. आई खाटेवर बसली होती. तिला हल्ली ऐकू कमी येई.

"आई, गोळी घेतलीस का?"

"हो."

"त्यांना काय विचारता?" स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "गोळी सकाळपासून ताटलीत तशीच आहे."

"अगं, ती हो म्हणाली ना."

"त्या सगळ्यालाच हो म्हणतात." बायकोनं डोकं बाहेर काढून आवाज चढवला. "सासूबाई, घरात हत्ती शिरलाय!"

"हो हो," आई म्हणाली, "बसायला सांग त्याला."

बायको हसून लोटपोट झाली. बघतोबुवा मात्र टॉवेल हातात घेऊन उभेच राहिले. जवळच्यानं ओ दिली, पण निरोप कुठे पोचला? पेटी खोलीतली. तिची ओ खोलीपुरती. बाहेरचं तिला काय ठाऊक?

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीचा पत्ता काढून दूरच्या एका यंत्राचा टाकला. आता पडद्यावर लाल अक्षरं, लाइन बंद. शेजारच्या खोलीतली हिशेबनीस बाई तर खुशाल इंटरनेटवर साड्या बघत होती! पत्रं रांगेत तुंबली. काल सगळ्याला हो, आज सगळ्याला नाही. तंत्रज्ञाला फोन केला, तर तो म्हणाला, "काही यंत्रं ऐकतात, पण ओ देत नाहीत. तसंच असतं ते." आणि फोन ठेवून मोकळा.

जेवायच्या सुट्टीत बायकोचा फोन आला. "जेवलात का?"

"कसला जेवतोय! लाइन आहे, पण समोरचा ओ देत नाही, म्हणून हा म्हणतो लाइनच नाही."

"मी रोज देवाला हाक मारते," ती म्हणाली. "त्यानं कधी ओ दिलीय? म्हणून देव नाही असं सांगत फिरते का मी?"

"मग आहे हे कळतं कसं तुला?"

"इकडून तिकडून कळतंच की. एकाच खुणेवर अडून बसलं, तर माणूस वेडाच व्हायचा. जेवा आधी."

बघतोबुवांना यातलं निम्मंच कळलं. पण निम्म्यावर काम भागलं. त्यांनी दूरदूरचे तीन पत्ते टाकले. तिघांतल्या एकानंही ओ दिली, तर लाइन आहे. कुणीच दिली नाही, तर थांबायचं.

भिंगांच्या भावांचं पत्र निघायच्या वेळी नेमकी लाइन गेली. मालक मागेच उभे.

"गेलं का?"

"थांबलंय."

"म्हणजे गेलं नाही?"

"नाही. म्हणजे... जाणार आहे."

"बघतोबुवा, नक्की काय ते बोला!"

नक्की काय ते बघतोबुवांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात देवाला हाक मारली. लाल अक्षरं तशीच होती. मग मधेच हिरवी झाली आणि रांग रिकामी. मालकांचा पडद्यावर विश्वास नव्हता. त्यांनी दवाखान्याला फोन लावला, "मिळालं?" असं विचारलं, ऐकलं आणि फोन खिशात टाकला.

जाता जाता म्हणाले, "त्या खुर्चीची गादी उसवलीय. शिवून घ्या."

संध्याकाळी बघतोबुवांनी घरात पाऊल टाकताच विचारलं, "आई, गोळी घेतलीस?"

"हो."

ताटली रिकामी होती. तरी त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "अगं, आईनं गोळी घेतली ना?"

"हो," बायको म्हणाली. नळ धो धो चालू होता. हिला तरी ऐकू आलं का? बघतोबुवा कंबर धरून खाटेखाली वाकले.

"काय शोधतोस रे?" आईनं विचारलं.

"हत्ती."

"हो हो," आई म्हणाली.