चहा करायला गेलेली आई

अमेरिकेत, नेपरव्हिलच्या घरात आबा गोष्ट सांगायला बसले की ताटातला भात निवायचा, पण गोष्ट काही संपायची नाही. थँक्सगिव्हिंगला सगळ्यांना सुट्टी, म्हणून घरातल्या गेलेल्या माणसांची आठवणही त्याच दिवशी काढायची, असा रिवाज सूनबाई हिमानीनं पाडलेला. यंदा पाळी आबांच्या आईची. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या आबांनी तिच्या पाच गोष्टी निवडून ठेवल्या होत्या.

हिमानीनं फोटोवरचं कापड ओढलं. गावाकडच्या एकुलत्या एक ग्रुप फोटोतली बाई तिनं कम्प्युटरवर रंगवून, मोठी करून, हार घालून मांडली होती.

“किती स्वीट दिसते!” नात रेवा म्हणाली.

आबांची पहिली गोष्ट तोंडातच राहिली. ही तर त्यांची थोरली काकू! आईला जन्मभर शिळ्यापाक्यावर ठेवणारी, ओल्या बाळंतिणीला विहिरीवर पिटाळणारी.

“ही आई नव्हे गं, काकू माझी.”

“अय्या! मग आई यातली कुठली?” हिमानीनं मूळ फोटो पुढे केला.

“ती नाहीच यात. फोटोवाला आला नि काकूनं तिला चहा करायला आत धाडलं. ती कपबश्या घेऊन बाहेर येईस्तोवर फोटो काढून झाला होता.”

मुलगा अनीश हळूच म्हणाला, “राहू द्या ना आबा. हिमानीनं आठवडाभर खपून केलंय. भावना महत्त्वाची.”

सगळ्यांनी काकूला हात जोडले. आबांनी त्या दिवशी एकही गोष्ट सांगितली नाही. आईच्या नावाचं ताट त्यांनी फोटोपुढून उचललं आणि आत नेऊन चहाच्या पातेल्याशेजारी ठेवलं.