पाचव्या गाण्यातला बेंजो

आमच्या बँडचा पहिला अल्बम वरवे बुद्रुकमध्ये, एका वर्कशॉपच्या माळ्यावर रेकॉर्ड झाला. एक गाणारी, एक गिटारवाला, एक ड्रमर आणि कीबोर्डवर मी. बाकी तिघं पुण्याची, मी उत्रोलीचा. खालची लेथ मशिनं गुरुवारी बंद असत, म्हणून रेकॉर्डिंगही गुरुवारी. दुरुस्तीसाठी लाइटही गुरुवारीच घालवतात, हे मला माहीत होतं. पण जागा माझ्या ओळखीने मिळाली होती, त्यामुळे मी गप्प बसलो. भिंतींना आईच्या गोधड्या टांगल्या आणि त्याला स्टुडिओ म्हणायला लागलो.

अल्बम रेट्रो करायचा ठरलं होतं. म्हणजे कॅसेटच्या जमान्यासारखा. तो जमाना आमच्यापैकी कुणीच नीट पाहिलेला नव्हता, तरी त्याची आम्हाला फार आठवण येत होती. ड्रमरने कॅसेटची खरखर घालणारं सॉफ्टवेअर आणलं होतं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी त्यातलं एक गाणं ऐकवलं.

"चांगल्या आवाजात माती कशापायी कालवताय?" ते म्हणाले.

आबांची एके काळी बेंजो पार्टी होती. बेंजो म्हणजे तारा छेडायच्या आणि टाइपरायटरसारखी बटणं दाबायची. आबा तो गळ्यात अडकवून वरातीपुढे चालत, मागे टेम्पोवर भोंगे. भोर-वेल्ह्यातल्या किती वराती त्यांनी घरी पोचवल्या कुणास ठाऊक. मग डीजे आले, पार्टी मोडली आणि आबा पूर्णवेळ भातशेतीत उतरले. पाचव्या गाण्यासाठी गिटारवाला बेंजोचा आवाज कॉम्प्युटरवर शोधत होता, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की खरा आमच्या घरी आहे.

निघून गेलं म्हणतो, कारण तो बेंजो मी इतकी वर्षं मित्रांपासून लपवला होता. सातवीत असताना एका वर्गमित्राच्या भावाचं लग्न मार्गासनीला होतं. वऱ्हाडाच्या टेम्पोतून आम्ही पोरं गणवेशातच गेलो. वरातीपुढे बेंजो आबांचा. सगळी पोरं नाचायला घुसली आणि मी एका पत्र्याच्या शेडमागे जाऊन उभा राहिलो, वरात पुढे जाईपर्यंत. माझा बाप घामाघूम होऊन लोकांना नाचवतोय, याची मला लाज वाटली होती. पुढे त्या लाजेचीच लाज वाटायला लागली, पण ते आबांना सांगणं काही जमलं नाही. त्यांनी आमच्या अल्बममध्ये वाजवलं, तर न बोलताच माफी मागून होईल, असा डाव मग मी मनात मांडला. म्हणून त्यांनी वाजवणं मला हवंच होतं.

आबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. टोपी काढून हेडफोन लावला. कानात तालाची टिकटिक सोडली. सहा वेळा वाजवलं आणि सहाही वेळा घसरलं. बोटं चालत होती, पण चाल कधी पळायची, कधी बसकण मारायची. शेवटी त्यांनी हेडफोन काढून ठेवला.

"हितं कोन नाचतंय का?"

"नाही, आबा."

"मग म्या कुनाचं पाय बघू?"

तेव्हा कळलं. बेंजोवाला बटणांकडे बघत नाही, नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघतो. पाय जड झाले की चाल उतरवायची, पाय उचलले की चढवायची. मी त्यांच्याच घरात वाढलो आणि हे मला माहीत नव्हतं. ड्रमर लगेच उठून नाचायला लागला. आबांनी थोडं वाजवलं आणि थांबले. "ह्यो बी टिकटिकीवरच नाचतोय," ते म्हणाले.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माइकमध्ये आवाज जाऊ नये म्हणून मी बूट काढले आणि मोज्यांवर नाचलो. मला नाचता येत नाही. कसा दिसत होतो ते गाणारीच्या चेहऱ्यावरून कळत होतं. आबा चेहऱ्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर खाली, आणि गाणं शेवटापर्यंत सरळ गेलं. त्यानंतर पाचच मिनिटांत लाइट गेली.

आबांची चाल कॉम्प्युटरवरच्या तालाच्या रेघांवर कुठेच बसेना. ड्रमर वैतागला. गाणारी म्हणाली, रेघा पुसा, आपण त्यांच्यामागे वाजवू. तसंच केलं.

अल्बम मोबाईलवर आला. ऐकणाऱ्यांत आमचे नातेवाईकच जास्त. आबांनी पाचवं गाणं बांधावर उभं राहून, फोन कानाला लावून ऐकलं. शेवटच्या कडव्याआधी चाल जराशी उतरते. बऱ्याच जणांना ती आमची खास करामत वाटली.

"हितं तू दमला व्हतास," आबा म्हणाले. "म्हनून म्या हात सैल सोडला."

"तुम्हाला माझे पाय एवढे दिसत होते?"

"मार्गासनीला बी दिसलं व्हतं," ते म्हणाले. "पत्र्याच्या खालनं. शाळंचं बूट."

आबांनी फोन माझ्या हातात दिला.

"फिरून लाव," ते म्हणाले.