परळचे शेतकरी

माझ्या लहानपणी आमच्या परळच्या शाळेत कोळ्यांची चार पोरं सोडली तर झाडून सगळी शेतकऱ्यांची मुलं होती. खिडकीतून डोकं बाहेर काढलं की गिरण्यांची धुराडी दिसत आणि प्रत्येकाचा बाप त्यांतल्या एकीत जुंपलेला. तरी नाव घालताना मास्तरांनी बापाचा धंदा विचारला, की कोकणातून आलेला प्रत्येक जण छाती काढून सांगे, शेती. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. गिरणीत आपण फक्त चार दिवस आलो आहोत, अशी सगळ्यांची प्रामाणिक समजूत होती. माझ्या बाबांचे चार दिवस माझ्या जन्माआधीच सुरू झाले होते.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण प्लेगाच्या आधीच्या एका वर्षी वरून हुकूम आला की कोणत्या धंद्याच्या लोकांची किती मुलं शाळेत आहेत आणि ती अभ्यासात कशी आहेत, ते कळवा. हेडमास्तर पुण्याचे, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी कळवलं. शाळा तपासणाऱ्या साहेबांना तेव्हा दिपोटी म्हणत. भर मुंबईत एवढी कुणब्यांची पोरं शिकतात आणि त्यांना शेतीचा एक धडा नाही, हे वाचून आमच्या दिपोटींना गहिवरून आलं. त्यांनी ठरवून टाकलं, शेतकऱ्यांच्या मुलांची शेतीची वेगळी परीक्षा होईल आणि तीत जो नापास तो सगळ्यांतच नापास.

मी शेवटच्या इयत्तेत होतो. पास झालो तर गिरगावातल्या इंग्रजी शाळेत मला फी माफ होणार होती. नापास झालो तर बाबांच्या मागोमाग गिरणीत. गिरणीची मला मनापासून भीती वाटे. बाबा केसांत कापूस घेऊन घरी येत आणि जेवणाआधी बराच वेळ खोकत बसत.

मग शेती शिकवायला दिपोटींच्या हुकमाने नांगर आला. शाळा एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, भाड्याच्या खोल्यांत. नांगर जिन्याच्या वळणावर अडकला तो वर जाईना की खाली येईना. दुपारपर्यंत वरची पोरं वर आणि खालची खाली, अशीच शाळा भरली. बैलांचं हुकमात काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून हेडमास्तरांनी मला आणि माझ्या शेजाऱ्याला जुवाला लावलं आणि वर्गाच्या फरशीवरून नांगर फिरवला. डोक्यावर काय गडगडतंय म्हणून खालची भाडेकरीण लाटणं घेऊन वर आली. तिने नांगराकडे पाहिलं, आम्हां बैलांकडे पाहिलं आणि ती लाटणं पदराखाली घेऊन परत गेली. गॅलरीत घासलेटच्या डब्यांत भात पेरलं होतं. तेही उगवलं. रोपांचा तरवा बोटभर वर आला आणि त्याच बाईच्या शेळीने एका सकाळी जिना चढून तो साफ केला. दिपोटींनी पीक बुडाल्याची गंभीरपणे नोंद केली. दुष्काळ पडला तरी परीक्षा होणार, असंही सांगितलं.

परीक्षा तोंडी होती. नांगरणी कधी सुरू करावी, या प्रश्नाला पहिल्या मुलाने उत्तर दिलं, पहिला भोंगा झाल्यावर. खत किती घालावं? दुसरा म्हणाला, मुकादम सांगेल तेवढं. मला विचारलं, भाताची पेरणी कोणत्या नक्षत्रावर करतात. मी अश्विनीपासून रेवतीपर्यंत सगळी नक्षत्रं घडाघडा म्हणून दाखवली. बरोबर उत्तर त्यांत होतंच, पण ते धरलं गेलं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शेतकऱ्यांची सगळी पोरं नापास झाली. कोळ्यांची चारही पास, कारण मासे धरण्याची परीक्षा अजून निघायची होती.

हेडमास्तर दिपोटींच्या पाया पडायचेच बाकी राहिले. शेवटी दिपोटी एवढं कबूल झाले, की ज्याचा बाप शेतकरी नसेल त्याला ही परीक्षा लागू नाही. मात्र बापाने स्वतः येऊन तसं समोर सांगायला हवं.

रविवारी गिरण्या बंद होत्या. झाडून सगळे बाप धुतलेली मुंडाशी बांधून वर्गात दिपोटींसमोर आमच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले. हेडमास्तरांनी घसा कोरडा करून समजावलं, की एवढं बोला, पोरं सुटतील. एकेक उठला आणि सांगत गेला, आम्ही शेतकरी. मला तेव्हा त्या सगळ्यांचा भयंकर राग आला. जगात एवढे हट्टी गाढव एका खोलीत मी पुन्हा पाहिले नाहीत. कारण मात्र मलाही ठाऊक होतं. आमच्याच गावचे दोघे तिथे बसले होते. इथे बोललेलं आगबोटीने गावी पोचणार आणि भाऊबंद म्हणणार, हा आता मुंबईचा झाला, याला जमिनीत वाटा कशाला?

बाबांची पाळी आली. ते उठले. कोपऱ्यात नांगर टेकवलेला होता, त्याच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"लिवा मास्तर," ते म्हणाले. "गिरनीत हाय मी."

दिपोटींना सगळं व्यवस्थित लागे. त्यांनी विचारलं, तात्पुरते, की कायमचे?

बाबांना खोकला आला. तो संपेपर्यंत सगळे थांबले.

"कायमचा," बाबा म्हणाले.

गावचे ते दोघे एकमेकांकडे बघू लागले. बाबांच्या मागून दुसऱ्या कुणीही गिरणीचं नाव घेतलं नाही. मला इंग्रजी शाळा मिळाली. दिपोटींनी वर लिहून पाठवलं, की परळात गिरणी कामगारांची वस्ती अगदीच तुरळक आहे, पण त्यांची मुलं अभ्यासात फार हुशार असून एकूणएक पास होतात.

त्या वर्षी शिमग्याला आम्ही गावी गेलो नाही. रजा मिळाली नाही, असं बाबांनी आईला सांगितलं. गावात देवाची पालखी निघते त्या दिवशी गिरणीला सुट्टी होती. बाबा दिवसभर खोलीतच बसून होते.