हेडफोनच्या वायरीचा सांधा

आमच्या घराण्यातला मी पहिला बी.ए. त्याचा अभिमान मला तेव्हा होता, आजही आहे. धारवाडला मास्तर म्हणून रुजू व्हायला चारच दिवस उरले असताना रेडिओच्या हेडफोनची वायर तुटली, तेव्हा ती दुसऱ्या कुणाला दाखवावी असं माझ्या मनातही आलं नाही ते त्यामुळंच.

रेडिओ कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी दिलेला. त्याला भोंगा नव्हता; हेडफोन कानाला लावूनच ऐकायचं. अंगणातल्या फणसाला एरियलची तार बांधली की दिवेलागणीला मुंबई लागायची, कधी स्वच्छ, कधी कढईत काही तळल्यासारखी. तो मी अण्णासाठी घरी ठेवून जाणार होतो. अण्णा माझा थोरला भाऊ. मी शिकावं म्हणून तो भाताच्या खाचरात राहिला. त्यानं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं, पण हे एक त्याला आवडलं होतं. शेतातून आला, पाय धुतले, की थेट हेडफोनपाशी.

वायर उसवून बघितली. सुताच्या दोऱ्यावर केसाएवढी तांब्याची पट्टी गुंडाळलेली, वर विणलेलं वेष्टण. पिनेपाशी वाकून वाकून पट्टी आतून तुटली होती. बाजाराच्या दिवशी येणाऱ्या कल्हईवाल्याकडून कथील आणि नवसागर आणला, डाख द्यायला चुलीत लोखंडी सळई तापवली. पहिल्या खेपेला दोराच जळला. दुसऱ्या खेपेला पट्टी गेली. मी उठायचो, अंगणात फेऱ्या मारायचो, परत येऊन बसायचो.

"भावजी, भात गार झाला," वहिनी म्हणाली. "कॉलेजात ह्येच शिकवत्यात व्हय?"

"ह्याच्यापेक्षा अवघड शिकवतात."

"मग सोपं कवा शिकवनार?"

तिसऱ्या खेपेला सांधा बसला. त्या संध्याकाळी अण्णानं गाणं ऐकलं, दुसऱ्या संध्याकाळीही ऐकलं. मी वहिनीसमोरून मुद्दाम दोनदा गेलो. तिसऱ्या दिवशी मात्र त्यानं हेडफोन लावला आणि नुसता माझ्याकडं बघत राहिला.

"काय बी न्हाई."

"तू ओढलंस," मी म्हणालो. "नाजूक वस्तू आहे अण्णा ही, बैलाचं दावं नव्हे."

"ओढलं असंल," तो म्हणाला. हेडफोन पाटावर ठेवला आणि बाहेर जाऊन बसला.

मी सांधा सोडला. आत सगळं हिरवं झालेलं, तांबं खाल्लेलं. कल्हई झाली की भांडं राखेनं घासून धुतात, नाहीतर नवसागर धातू खातो, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. मी सांधा न धुता तसाच गुंडाळला होता, तोही आमच्या रानातल्या दमट हवेत. अण्णानं काही ओढलं नव्हतं.

तेव्हाच बाहेर जाऊन सांगायला हवं होतं. उंबऱ्यापर्यंत गेलो आणि मागं फिरलो. ज्यानं मला शिकवलं त्याच्यासमोर अडाणी ठरायचं नव्हतं.

चौथ्या दिवशी कथलाच्या नादी लागलो नाही. खराब तुकडा कापला, उरलेली पट्टी दोऱ्यासकट पिनेला घट्ट गुंडाळली, वरून सुतानं आवळली, मधाच्या पोळ्याचं मेण लावलं. मुंबई लागली. अण्णा आला, पाय धुतले, आणि भिंतीला टेकून लांबच बसला.

"ये की."

"नको. माझ्या हातनं परत तुटंल. तू ऐक आनि ठेव पेटीत. तू गेल्यावर मी न्हाई हात लावत त्याला."

मी उठून हेडफोनचे दोन्ही कप्पे त्याच्या कानांवर बसवले. तो नको नको म्हणत होता, मग थांबला. मान सैल झाली, डोळे मिटले. मी तिथंच उकिडवा बसलो आणि म्हणालो, "अण्णा, तू ओढलं नव्हतंस. सांधा मीच धुतला नव्हता."

कान झाकलेले. त्याला काही ऐकू गेलं नाही.

सांगून झालं, असं म्हणून उठता आलं असतं. उठलोही. परत बसलो, एका कानावरचा कप्पा उचलला आणि तेच पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानंच. आत वहिनीची भांडी वाजायची थांबली.

"ठावं हाय," अण्णा म्हणाला. "तू कापलेल्या तुकड्यातलं हिरवं मी बी बघितलं. तू उद्या जानार, म्हनलं कशाला बोलायचं." त्यानं माझ्या हातातला कप्पा घेऊन कानावर परत बसवला. "गप बस जरा. बाई गातीया."