पट्ट्यापलीकडची बाजू

सकाळी खराट्याचा आवाज आला की मी चहा घेऊन खिडकीशी येते. आमच्या रस्त्याच्या बरोबर मधून प्रभागाची हद्द जाते. पलीकडच्या प्रभागाचं झाडलोटीचं टेंडर पास झालंय, आमचं अडकलंय. त्यामुळे सफाईवाल्या मंगलबाई मधल्या पांढऱ्या पट्ट्यापर्यंत झाडतात आणि तिथूनच मागे वळतात.

"इकडेही चार हात मारा की," मी एकदा म्हटलं.

"ताई, ती हद्द माझी नाही. मुकादम ओरडतो."

घरपट्टी दोघींना सारखीच, आणि समोरच्या सुलभाचं दार मात्र रोज दिवाळीसारखं. कोणाची सकाळ लख्ख करायची हे महापालिका कागदावर ठरवते. जळायचं काम तेवढं आपल्याकडे राहतं. आणि जळायला वय नसतं, हे मला साठीत कळतंय.

काल सुलभा फाटकाशी आली. "तुझ्या बाजूला बकुळीचा सडा किती सुंदर पडतो गं! आमच्याकडे सगळं झाडून नेतात. उद्या ओंजळभर वेचून नेईन हं."

म्हणजे झाडलेला रस्ताही हिचा आणि फुलंही हिचीच!

आज उजाडताच मीच खराटा घेतला. पट्ट्यापर्यंत माझी बाजू झाडून काढली. एक फूल ठेवलं नाही.